टेप गुंडाळून निघून गेलेल्या वायरमनास

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. मला तुझ्याबद्दल प्रेम वाटत नाही, म्हणून ते लिहीत नाही. तू कोण, कुठला, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी तुझं नाव इथे टाकलं नसतं, कारण हे पत्र एकट्या तुला नाही. पण तुझा हात मी ओळखतो. पिकअपच्या डॅशबोर्डखाली, क्लचच्या पेडलच्या वर, हार्नेसच्या पोटात तू मारून ठेवलेला जोड मी माझ्या हाताने सोडवला आहे. तू वायरी उजवीकडे पिळतोस. तीन पिळे देतोस, चौथा द्यायचा कंटाळा करतोस. डाख लावत नाहीस. टेप मात्र इतकी गुंडाळतोस, की आत काय केलंय ते कुणाला दिसू नये. बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी हाताळतोय, धंद्यात तुझ्यापेक्षा थोरला असेन, म्हणून एकेरीत बोलतो. राग आला तर येऊ दे.

तुला ती गाडी आठवत नसेल, म्हणून आठवण करून देतो. चार सिलिंडरचा, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारा छोटा पिकअप. पांढरा रंग. मालक स्वतःच चालवतो. ओतूरकडचा तिशीच्या आतला पोरगा, घरची शेती थोडी, गाडी कर्जावर घेतलेली. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, तो तुझ्याकडे फॉग लॅम्प बसवायला आला होता. माळशेज घाटात आषाढ-श्रावणात धुकं काय असतं ते तुला सांगायला नको. समोरचा ट्रक पंधरा फुटांवर येईस्तोवर दिसत नाही. पिवळे दिवे त्याला हौस म्हणून नको होते, जीव सांभाळायला हवे होते. तू अर्ध्या तासात दिवे बसवलेस, पैसे घेतलेस आणि विसरून गेलास. त्याच्या मागे ते दिवे दोन पावसाळ्यांनी लागले.

यंदाच्या पावसात गाडी मिसिंग मारायला लागली. तो संध्याकाळी टोमॅटो आणि भाजी भरून कल्याणच्या बाजारात जातो. येताना रिकामे क्रेट आणि गावातल्या दुकानदारांसाठी काढून ठेवलेली पोती घेऊन रात्री घाट चढतो. घाटाखालची मोरोशी सोडली, चढ लागला, धुकं आलं, की चार-सहा वळणांनंतर गाडी धक्के द्यायला लागायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखी फडफडायची. मीटरवरचा इंजिनचा दिवा उघडझाप करायचा. जीव मुठीत धरून तो गाडी कडेला घ्यायचा, बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचा. पुन्हा सेल मारला की इंजिन काही झालंच नाही असं चालायचं. घरी आल्यावर ठीक. सकाळी ठीक. गॅरेजमध्ये नेली तर ठणठणीत.

इथेच तुझा खरा गुन्हा सुरू होतो. कायम नादुरुस्त असलेली गाडी मेकॅनिकला फसवत नाही. बंद पडलेलं यंत्र बंद का पडलं ते शोधता येतं. पण जो दोष येतो आणि जातो, तो मालकालाच खोटा पाडतो. या पोराचं तेच झालं. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर पळवून आणली आणि म्हणाला, ‘काही नाही रे, तुझाच भ्रम आहे.’ वडील म्हणाले, ‘रात्री कुठेतरी झोप काढतोस आणि उशिराचं खापर गाडीवर फोडतोस.’ माल पोचवायला दोनदा उशीर झाल्यावर एका दुकानदाराने आपली पोती दुसऱ्या गाडीला दिली. खरं बोलणारा माणूस तीन महिने खोटारडा ठरला. तुझ्या तीन पिळ्यांनी त्याचे पैसे खाल्लेच, पण त्याच्या शब्दाची किंमतही खाल्ली. पैशाचा हिशेब मी लिहीन. शब्दाचा हिशेब तू कसा भरून देणार?

आता पैशाचं ऐक. पहिल्यांदा चारही प्लग बदलले. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी ०३०३ असा कोड निघाला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिसरी कॉइल बदलली. आठवड्याने कोड आला पी ०३०१. आता पहिला सिलिंडर. तिथली कॉइल बदलली. मग आला पी ०३००, म्हणजे एक असा सिलिंडर नाही, कुठलाही चुकतोय. मग कुणी सांगितलं, गाडीला इंधन कमी पडतंय. पेट्रोलचा पंप बदलला, इंजेक्टर साफ केले. मग लक्षात आलं की पेट्रोलवर टाकली की धक्के कमी होतात. मग सगळे सीएनजीच्या किटवर घसरले आणि रेग्युलेटर उघडला. सगळं मिळून साडेअठरा हजार रुपये. यातला एकही भाग खराब नव्हता.

त्या मेकॅनिकांनाही मी सोडत नाही. मोजायच्या आधी बदललं, ही त्यांची चूक आहे. पण त्यांना चकवा कसा लागला तेही सांगतो, कारण तो चकवा तू लावला होतास.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असलं की एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट घेऊन कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा प्लगच्या दोन टोकांमधलं मिलिमीटरभराचं अंतर ठिणगी ओलांडते. चढावर सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण कोंबलं जातं, दाब वाढतो आणि ठिणगी पाडणं अवघड होतं. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षाही जोरकस ठिणगी लागते. म्हणून कॉइलला मिळणारी वीज थोडी जरी कमी पडली, तरी गाडी सपाटीवर पेट्रोलवर निभावून नेते आणि घाटात सीएनजीवर उघडी पडते. दोष किटचा नव्हता. ज्याची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच कमी पडलं तेव्हा कळलं, एवढंच.

ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर पडते. सायलेन्सरच्या पाइपात बसलेल्या सेन्सरला तो न वापरलेला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयूची, म्हणजे इंजिनचा कारभार बघणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची, समजूत होते की इंधन कमी पडतंय. ती इंधन वाढवते. स्क्रीनवर बघणाऱ्यालाही वाटतं की पंप कमजोर आहे. आणि ते वाढवलेलं, न जळलेलं इंधन जातं थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. तिथे ते पेटतं आणि आतली जाळी भाजून निघते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असल्या मोलाच्या धातूंचा थर असतो. इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि उघडझाप करणं वेगळं. उघडझाप म्हणजे गाडी ओरडून सांगते की थांब, पुढचं जळतंय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. आजची गाडी क्रँकच्या दातेरी चाकाचा वेग मोजून एकेक चुकलेली ठिणगी पकडते. इतकी बारीक नजर असलेल्या यंत्राच्या नसेत तू ब्लेड मारलंस आणि पिळ दिलास.

पोरगा माझ्याकडे आला तेव्हा मी स्कॅनर काढला नाही. बाकडं पुढे केलं आणि त्याला बसवून विचारलं. कधी होतं? कुठे होतं? गार इंजिनला की गरम? पाऊस असतो का? तेव्हा काय काय चालू असतं? तो सांगत गेला, मी पाटीवर लिहीत गेलो. मध्येच तो म्हणाला, ‘अण्णा, मी त्या सगळ्यांना सांगितलं होतं. धुक्यात पिवळे दिवे लावले की होतं. दिव्यांचा आणि इंजिनचा काय संबंध, म्हणून हसले.’

संबंध होता. त्याने तीन महिने बरोबर सांगितलं होतं. रोगाचं नाव त्याला येत नव्हतं, पण लक्षण त्याने अचूक धरलं होतं, आणि ऐकणारा एक कान त्याला मिळाला नव्हता.

कोडचे आकडे मी पाटीवर एकाखाली एक मांडले. तिसरा, मग पहिला, मग कुठलाही. एखादा भाग खराब असता तर आकडा एकाच जागी राहिला असता. गल्लीत एकाच घरी नळाला पाणी येत नसेल तर त्या घरचा नळ बघावा. आज या घरी नाही, उद्या त्या घरी नाही, असं असेल तर टाकीकडे चालू लागावं. चारही कॉइलना वीज एकाच वायरीने जाते. त्या वायरीत चौदाऐवजी दहा व्होल्ट आले, की चौघांतला जो सगळ्यात दुबळा तो आधी चुकतो. त्याला बदललं की दुसरा दुबळा ठरतो. मेकॅनिकांनी एकामागून एक घरांचे नळ बदलले. टाकीकडे कुणी गेलं नाही.

पण नुसत्या अंदाजावर मी कुणाच्या गाडीला हात लावत नाही. गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून कॉइलच्या कनेक्टरवर मीटर लावला. बाराच्या वर व्होल्ट. माझ्या आधीच्या इलेक्ट्रिशियननेही हेच केलं होतं आणि ‘लाइन येतीये’ म्हणून पॅनल बंद केलं होतं. हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात जुनं फसणं आहे. मीटर स्वतः जवळपास काहीच वीज ओढत नाही. वायरीतली एकच केसाएवढी तार शाबूत असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. वायर खरी की खोटी ते तिच्यावर ओझं टाकल्यावर कळतं. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब तिथे लावून बघ, पावणेदोन अँपिअर ओढायला लाव, मग मीटर बघ. मी लावला. किंचित उतार दिसला, पण गाडी घाटात बंद पडावी एवढा नाही. दोष गरम झाल्यावर येतो, ओझं आल्यावर येतो. तो जिथे येतो तिथे जाऊनच धरायला हवा होता.

म्हणून त्या रात्री मी त्याच्याबरोबर गेलो. कॉइलच्या वायरीवरून दोन लांब तारा काढून केबिनमध्ये आणल्या, मीटर मांडीवर घेतला. घाट उतरलो, मोरोशीला चहा घेतला, गाडी फिरवून चढाला लागलो. सीएनजीवर, तिसऱ्या गिअरमध्ये. मीटरवर १३.८. पहिलं वळण, १३.८. धुकं आलं. मी म्हणालो, ‘लाव दिवे.’ त्याने बटण दाबलं. आकडा पडला १२.४ वर. पुढचं वळण, ११.९. पाऊस वाढला, वायपर जोरात. ११.२. तो बोलत नव्हता, मीही बोलत नव्हतो. आकडा १०.३ वर आला आणि गाडीने पहिला धक्का दिला. तो म्हणाला, ‘अण्णा, आता बघा.’ मी म्हणालो, ‘बघतोय. आता दिवे बंद कर, गाडी चालू ठेव.’ त्याने दिवे बंद केले. आकडा वर चढला, धक्के थांबले. इंजिन एकसारखं चालायला लागलं.

वर जरा रुंद जागा आली तिथे त्याने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गप्प बसला. मग एवढंच म्हणाला, ‘म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.’

ते वाक्य ऐकायला तू तिथे असायला हवा होतास.

सकाळी डॅशबोर्ड उघडला. टेपचा चीक बोटांना लागला, काळा, चिकट, भाजलेला. थर काढत गेलो. आत तीन टोकं सापडली: फ्यूजकडून येणारं, कॉइलकडे जाणारं आणि तुझ्या दिव्यांचं. कॉइलची वायर तू मधोमध तोडली होतीस, आणि तिन्ही टोकं एकत्र पिळून ठेवली होतीस. दिव्यांना रिले नाही, स्वतंत्र फ्यूज नाही, बॅटरीपासून वेगळी लाइन नाही. तांबं हिरवं पडलं होतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं हे घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही माहीत असतं. तिने भांड्याला कल्हई केलेली असते. दोन पावसाळ्यांची दमट हवा तांब्याला लागली की तेही कळकणार, हे तुला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. डाख लावला असता तर ती तुझी कल्हई झाली असती. पाच मिनिटांचं काम होतं.

वायरीचं वरचं प्लास्टिक दोन इंच तपकिरी पडून कडक झालं होतं. का ते हिशेबाने सांगतो. पंचावन्न वॅटचे दोन दिवे आणि चार कॉइल मिळून त्या जोडातून दहा अँपिअर तरी जात होते, आणि जोडात साडेतीन व्होल्ट मरत होते. दहा गुणिले साडेतीन, पस्तीस वॅट. इंडिकेटरचा पेटलेला बल्ब हातात धरवत नाही, तो एकवीस वॅटचा. त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता तू टेपमध्ये गुंडाळून डॅशबोर्डच्या आत, इतर वायरींच्या जुडग्यात ठेवली होतीस. फ्यूज उडेल म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. फ्यूज जास्तीच्या प्रवाहाला उडतो. इथे प्रवाह त्याच्या मर्यादेत होता, म्हणून तो शांत बसला आणि जोड तापत राहिला. केबिनमध्ये आग, आणि गाडीत सीएनजीची टाकी. मी आणखी वाढवून सांगत नाही. डोळे मिटून एवढंच बघ.

आणि ईसीयूने सांभाळून का घेतलं नाही, असं म्हणशील तर तेही ऐक. बॅटरी उतरली, व्होल्टेज कमी झालं, तर ती कॉइलला जास्त वेळ भरू देते आणि ठिणगीचा जोर राखते. पण ती व्होल्टेज मोजते स्वतःच्या दाराशी. तिथे चौदा होते. कॉइलच्या दाराशी दहा आहेत हे तिला कळायला वाटच नव्हती. कॉइलमधला प्रवाह पाऊण झाला तर ठिणगीची ताकद पाऊण होत नाही, जवळपास निम्मी होते. तू पोराला फसवलंस, तीन गॅरेजना फसवलंस, आणि त्यांच्यात सगळ्यात हुशार असलेल्या त्या यंत्रालाही फसवलंस.

आता तुझी बाजू. ती मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच रस्त्याने आलोय. गिऱ्हाईक म्हणतं, ‘शेजारी तीनशेत करतो.’ रिले, होल्डर, फ्यूज, जाड वायर आणि स्लीव्ह धरली तर तीनशेत होत नाही. बसवलेले दिवे पेटले की गिऱ्हाईक खूश, आत काय केलंय ते कुणी बघत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. हे सगळं खरं आहे. पण मग गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, ‘तीनशेत हे काम होत नाही, तीनशेत आग लागते.’ तो गेला तर जाऊ द्यायचा. मी असे पुष्कळ घालवलेत. उपाशी मेलो नाही.

काम कसं करायचं ते तुला येत नसेल तर इथेच सांगतो, फी नको. दिव्यांची लाइन थेट बॅटरीवरून घे, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज टाक. दिवे रिलेवर चालव. डॅशबोर्डवरच्या बटणातून रिलेपुरता दीडशे-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह जाईल, नऊ अँपिअरचं ओझं रिले उचलेल. अर्थ रंगावर मारू नकोस, पत्रा घासून मार. जिथे जोड टाळता येत नाही तिथे लग दाबून बसव किंवा डाख लाव, वर स्लीव्ह चढव आणि गरम करून आवळ. वायर घासेल तिथे कोंड्युट घाल. इंजिनच्या, ब्रेकच्या, एअरबॅगच्या लाइनीला हात लावू नकोस. कधीच नाही. त्या वायरी दिसायला बारीक असतात, पण माणसाचा जीव त्यांच्यातून जातो.

आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट. जोड लपवू नकोस. कच्चं काम हातून होतं, माझ्याही होतं. पण कच्चं काम उघडं असलं तर पुढचा माणूस ते बघतो, शिव्या देतो आणि दुरुस्त करतो. लपवलेलं कच्चं काम पुढच्या प्रत्येक माणसाला आंधळं करतं. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मालक बदलतो, गॅरेज बदलतं. त्या साखळीतला प्रत्येक जण तुझ्या प्रामाणिकपणावर टेकून उभा असतो. तो तुला ओळखत नाही, तरी टेकून असतो. घाटात रात्री तीन वाजता, पावसात, मागून मालट्रक येत असताना गाडी बंद पडली, तर त्या पोराला वाचवायला मी तिथे नसेन, तूही नसशील. तिथे फक्त तुझा जोड असेल.

म्हणून हे मागणं. गेल्या चार-पाच वर्षांत तू ज्यांना दिवे, म्युझिक, हॉर्न, जीपीएस बसवलंस, त्यातले जेवढे आठवतील तेवढ्यांना फोन कर. ‘गाडी घेऊन या, जोड पक्का करून देतो’ म्हण. पैसे घेऊ नकोस. दहा जणांतले चार येतील. त्या चारांतला एखादा घाटात नेमक्या वेळी उभा राहायचा वाचेल. त्याला ते कळणारही नाही. तुला कळेल, आणि तेवढं पुरे आहे.

या पोराची गाडी मी नीट केली. कॉइलची वायर पूर्ववत सलग केली, दिवे रिलेवर घेतले. बदललेल्या जुन्या कॉइल त्याने जपून ठेवल्या होत्या. तपासल्या, चांगल्या आहेत, त्याला परत दिल्या. तुझा जोड मी कापून काढला आणि फेकून देणार होतो. त्याने मागून घेतला. म्हणाला, ‘घरी दाखवायचाय.’ संध्याकाळी तो वडिलांना घेऊन परत आला. म्हाताऱ्याने हातातला तो हिरवा पडलेला, भाजलेला तुकडा मला दाखवला आणि विचारलं, ‘एवढ्यामुळे?’ मी हो म्हणालो. ते बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग पोराकडे न बघता म्हणाले, ‘चल, उशीर होतोय, माल भरायचाय.’ आणि पोराच्या शेजारी गाडीत बसले.

कळावे.

आळेफाट्याजवळचा एक वायरमन

ता. क. : परवा रात्री पुन्हा मोरोशीहून वर चढून बघितलं. सीएनजीवर, माल भरलेला, पाऊस, धुकं, दोन्ही पिवळे दिवे चालू. मीटर शेवटच्या वळणापर्यंत १३.७ वरून हलला नाही.